यादीतलं तिचं नाव

गेल्या अंकात या सदरात मी बायकांच्या मतदानाच्या हक्काविषयी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. एकतीस वर्षं ठाण्यात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, आठ निवडणुकांत केंद्रावर ड्यूटी केली. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणारा आमचा सहा-सात निवृत्तांचा गट आहे. परवा एक मित्र म्हणाला, इंग्लंडमध्ये बायका तुरुंगात गेल्या, उपाशी राहिल्या, तेव्हा कुठे त्यांना मत मिळालं. आपल्याकडे घटनेनं ते आयतं हातावर ठेवलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन सुनेला सांगितलं तर ती चिडलीच. खरं काय समजायचं?
– निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे, काका. आणि त्या का चिडल्या असतील तेही मला कळतं, कारण हे ‘आयतं’ मी वर्गातही ऐकलंय, स्टाफरूममध्येही ऐकलंय. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला एक वाक्य मिळतं, त्यामुळे दोष तुमच्या मित्राचाही नाही.

गोष्ट सुरू करायची तर 1911 सालच्या श्रीनगरपासून करू. मुंबईच्या हेराबाई टाटा तेरा वर्षांच्या लेकीला, मिठनला घेऊन तिथे गेल्या होत्या. तिथे त्यांची गाठ सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. महाराजा रणजितसिंगांची ही नात इंग्लंडमध्ये वाढलेली, लंडनच्या रस्त्यावर मतदानाच्या हक्कासाठी मोर्चात उतरलेली, ‘मत नाही तर कर नाही’ म्हणून कर भरायला नकार देणारी. त्यांच्या कपड्यांवर एक छोटा बिल्ला होता, ‘बायकांना मत’ असं लिहिलेला. हेराबाईंनी विचारलं, हे काय आहे? त्या एका प्रश्नानं मायलेकींचं आयुष्य बदललं. तुमच्या मित्राला एवढं जरूर सांगा की इंग्लंडातल्या ज्या लढ्याचं ते कौतुक करतात, त्यातही आपली एक बाई होती.

पुढे 1917 साली भारतमंत्री, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणारे ब्रिटिश मंत्री, माँटेग्यू इथे आले. कारभारात हिंदी लोकांना किती वाटा द्यायचा, हे ठरवण्यासाठी ते सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून घेत होते. 18 डिसेंबरला मद्रासमध्ये सरोजिनी नायडूंच्या पुढाकारात बायकांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. त्याची जुळवाजुळव केली होती मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी. मागणी साधी होती : पुरुषांना ज्या अटींवर मत द्याल, त्याच अटींवर बायकांनाही द्या. दुसऱ्या वर्षी मुंबईत काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं. तिथे सरोजिनीबाईंनी हा विषय मांडला आणि हजारो पुरुषांच्या त्या सभेकडून मंजूर करून घेतला.

मग साउथबरो कमिटी आली. मताधिकार कोणाला, हे ठरवणं तिचं काम. कमिटीनं बायकांचे अर्ज वाचले आणि नकार दिला. कारण काय, तर इथली सामाजिक परिस्थिती अजून तयार नाही, पडद्याची चाल आहे, पुष्कळ पुरुषच अजून अशिक्षित आहेत, तेव्हा ही घाई होईल. ‘अजून वेळ आली नाही’ हे उत्तर बायकांना आजही कुठे कुठे मिळतं, म्हणून ते मुद्दाम लिहिलं.

मुंबईच्या बायका गप्प बसल्या नाहीत. 1919 साली त्यांनी हेराबाई आणि मिठन या दोघींना लंडनला पाठवलं. बिल्ल्याची चौकशी करणारी ती आई आणि आता एकवीस वर्षांची झालेली ती लेक पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षीला उभ्या राहिल्या. गावोगावच्या सभांत बोलल्या, खासदारांच्या गाठी घेतल्या. (मिठन तिथेच राहून बॅरिस्टर झाल्या. मिठन लाम या नावानं पुढे मुंबई हायकोर्टात वकिली केली आणि 1947 साली मुंबईच्या शेरीफही झाल्या.) पार्लमेंटनं ना होकार दिला ना नकार. 1919च्या कायद्यात तरतूद अशी केली की बायकांना मत द्यायचं की नाही हे ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलनं ठरवावं. कौन्सिलात तर सगळे पुरुष! म्हणजे एका दारातून दहा दारांत.

प्रत्येक प्रांतात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सभा, अर्ज, सह्या, सभासदांच्या घरी खेटे. मुंबई इलाख्यात या कामात रमाबाई रानडे होत्या. वय साठीला टेकलेलं, आयुष्यभर सेवासदनाचं काम केलेलं, आणि तरी त्या मताधिकारासाठी पुढे झाल्या. 1921 साली आधी मद्रासनं आणि मग मुंबईनं दार उघडलं. ठाणे जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. तेव्हा आपल्या ठाण्यातली बाई कायद्यानं पहिल्यांदा मतदार होऊ शकली ती 1921 साली, घटनेच्या तब्बल 29 वर्षं आधी. इंग्लंडमध्ये त्या वेळी तिशीच्या आतल्या बाईला मत नव्हतं. ते 1928 साली मिळालं. आपल्याकडे एकवीस पुरे होती.

पण खरी अडचण वयाची नव्हती. जमीनमहसूल भरणारा, प्राप्तिकर भरणारा, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा, असाच माणूस मतदार होऊ शकत होता. जमीन-घर नावावर असलेल्या बायका किती? काका, आजोबा-पणजोबांच्या काळचे सातबाराचे उतारे घरात असतील तर काढून बघा. आमच्याकडच्या उताऱ्यात चार पिढ्यांत एका विधवा चुलतआजीचं नाव आहे, तेही ‘अज्ञान मुलाची पालनकर्ती’ म्हणून. हक्क मिळाला आणि शेकडा एक बाईसुद्धा यादीत आली नाही, त्याचं कारण हे.

1927च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली. भरली होती मुलींच्या शिक्षणासाठी, पण पुढच्या पाच-सहा वर्षांत मताधिकार तिच्या कामाच्या मध्यभागी आला. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदान मागितलं, म्हणजे मालमत्ता, शिक्षण असली कसलीच अट नको, प्रत्येक सज्ञान माणसाला मत. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही ते आलं, 1931 साली कराची काँग्रेसच्या ठरावात आलं. सरकार मात्र मधली वाट काढत होतं. 1932 साली मताधिकार ठरवणाऱ्या लोथियन कमिटीपुढे प्रश्न आला, बायकांची संख्या वाढवायची कशी? उत्तर निघालं की नवऱ्याच्या मालमत्तेवरून बायकोला मत द्यावं. महिला संघटनांना हे टोचलं. आम्हाला नवऱ्याच्या घरपट्टीवरचं मत नको, राखीव जागाही नकोत, सरसकट प्रौढ मतदान द्या, असं त्यांनी लेखी कळवलं. हाताशी आलेलं सोडून जास्त मोठं मागायचं, त्याला हिंमत लागते. 1935च्या कायद्यात शेवटी बायकोपणाची अट राहिलीच. तरी सुमारे 60 लाख बायका मतदार झाल्या.

घटना समितीत पंधरा बायका होत्या, मुंबईच्या हंसा मेहता त्यातल्या एक. कलम 326 मध्ये प्रौढ मतदान लिहिलं गेलं तेव्हा त्यावर फार मोठं वादंग झालं नाही, हे खरं आहे. त्यामुळेच ते सहज मिळाल्यासारखं दिसतं. वादंग आधीची बत्तीस वर्षं घालून झालं होतं. आपल्या बायका तुरुंगातही गेल्या, 1930च्या मिठाच्या सत्याग्रहात तर हजारोंनी. त्यांनी मागितलं स्वराज्य, आणि त्यात मत आलंच होतं. उद्या तलावपाळीला हे सगळं सांगताना सूनबाईंनाही बरोबर न्या.

प्रश्न : मी नववीत आहे. बायकांना मत देणारा पहिला देश कोणता आणि सगळ्यात उशीर कोणी केला? स्वित्झर्लंडमध्ये 1971 साली मिळालं असं बाबा म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. एवढा पुढारलेला देश!
– एक विद्यार्थिनी, वाशी

उत्तर : बाबा बरोबर सांगतात गं. देशपातळीवर पहिला मान न्यूझीलंडचा, 19 सप्टेंबर 1893. केट शेपर्ड आणि त्यांच्या मैत्रिणींनी गावोगाव फिरून सुमारे 32 हजार बायकांच्या सह्या गोळा केल्या, सह्यांचे कागद एकाला एक चिकटवले आणि ती लांबलचक गुंडाळी पार्लमेंटात नेली. साल लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून सांगते : त्याच 1893 सालच्या 1 जूनला आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं.

आता स्वित्झर्लंड. तिथे असे मोठे बदल सार्वमतानं होतात. बायकांना मत द्यावं का, हा प्रश्न ज्यांच्याकडे मत आहे त्यांनाच विचारायचा, म्हणजे पुरुषांना. 1959 साली विचारला तर जवळजवळ दोन तृतीयांश पुरुष नाही म्हणाले. 1971 साली हो म्हणाले. त्यातही ॲपेन्झेल इनररोडन नावाचा एक छोटा कँटन (म्हणजे तिथलं राज्य) स्थानिक मतदानासाठी अडूनच बसला होता. 1990 साली कोर्टाला हुकूम द्यावा लागला. तू पुढारलेला देश म्हणतेस. घड्याळं, रेल्वे, बँका सगळ्यात तो होताच. शाळेत यावर बोलायची संधी मिळाली तर फ्रान्सचाही उल्लेख कर. राज्यक्रांती 1789 सालची आणि बायकांना मत 1944 साली.

प्रश्न : माझी आजी घणसोली गावातली, वय नव्वदीच्या घरात. ती सांगते की तिनं पहिलं मत 1957 साली दिलं, लग्न होऊन गावात आल्यावर. तेव्हा शिक्का नव्हता, फुली नव्हती, एका खोलीत पेट्या मांडलेल्या होत्या आणि तिनं कागद ‘आपल्या’ पेटीत टाकला. आम्ही तिला हसतो. पेटी एकच असते ना?
– आजीचा नातू, घणसोली

उत्तर : हसू नका. आजी अगदी बरोबर सांगते आहे, आणि तिच्यासारखं सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

1951-52ची पहिली निवडणूक झाली तेव्हा देशात 17 कोटी 32 लाखांवर मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता, अक्षर न ओळखणाऱ्या माणसानं मत द्यायचं कसं? म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चित्र चिकटवलं, बैलजोडी, झोपडी, असं काही. मतदारानं आडोशाला जायचं, चित्र बघायचं आणि कोरी मतपत्रिका त्या पेटीत सोडायची. काही लिहायचं नाही, काही उमटवायचं नाही. 1957 सालीही हीच पद्धत होती. मतपत्रिकेवर सगळ्यांची नावं आणि चिन्हं छापून त्यावर शिक्का मारायचा, ही पद्धत त्यानंतर आली.

लोखंडी पेट्या लाखांनी लागल्या. पहिल्या निवडणुकीसाठी त्यातल्या बारा लाखांहून जास्त आपल्या शेजारी विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. खाडीच्या अलीकडे पेट्या घडत होत्या आणि पलीकडे ठाणे-बेलापूर पट्टीतली आगरी-कोळी गावं भात आणि मीठ पिकवत होती. नवी मुंबई कोणाच्या स्वप्नातही नव्हती. 1957 साली तर संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, गावागावात सभा. आजी ‘आपली पेटी’ म्हणते त्यामागे तो सगळा काळ आहे.

तिला नीट बसवून विचारा. मत द्यायला कोणाबरोबर गेली, चालत की बैलगाडीनं, पेटीवर कोणतं चित्र होतं, सासू बरोबर होती का, कोणतं लुगडं नेसली होती. मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. पेटीतला कागद कुठेच उरलेला नाही, आजी आहे.

प्रश्न : आमच्या घरात पाच मतं. खरं सांगतो, कोणाला द्यायचं ते मी आणि माझा भाऊ ठरवतो, बायका त्याप्रमाणे देतात. भांडण नाही, कटकट नाही. असं असेल तर बायकांच्या वेगळ्या मताला अर्थ काय, असा प्रश्न पडतो. राग मानू नये.
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : राग नाही, तुम्ही मनातलं लिहिलंत. तुमचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या पार्लमेंटातही विचारला गेला होता. लग्न झालेल्या बाईला मत म्हणजे नवऱ्याला दोन मतं, असं विरोधक म्हणत. आणि तेच लोक पुढच्या वाक्यात म्हणत की बायकांना मत दिलं तर घरोघरी भांडणं होतील. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

एक सांगते. कळव्याच्या एका शाळेत माझी ड्यूटी होती, पहिली मतदान अधिकारी म्हणून. या अधिकाऱ्याच्या पुढ्यात मतदार यादीची खुणा करायची प्रत असते. मतदाराचं नाव मोठ्यानं वाचायचं, ओळख पटवायची, नोंदीवर रेघ मारायची. मतदार बाई असेल तर रेघेशिवाय अनुक्रमांकाभोवती एक गोलही करायचा. दर दोन तासांनी किती पुरुष, किती बायका असा आकडा वर कळवायचा असतो, तो या गोलांवरून निघतो. त्या दिवशी दुपारी एक जोडपं आलं. नवऱ्याचं मत आधी झालं, पण तो बाहेर जाईना. दारात उभा राहून बायकोकडे बघत तीन बोटं दाखवत होता. केंद्राध्यक्षांनी त्याला हात धरून व्हरांड्यात नेलं. बाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. बराच वेळ गेला. मशीनचा आवाज येईना. माझ्या शेजारचे अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले. मग आवाज आला, लांबलचक. बाई बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे न बघता सरळ फाटकाकडे चालू लागल्या. त्यांनी कितवं बटण दाबलं, मला माहीत नाही. त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नाही. तुमच्या घरातल्या तीन मतांचंही तसंच आहे, दादा. आडोशामागे तुम्ही नव्हता.

अजून एक बाई आठवतात, कोपरीच्या केंद्रावरच्या. बाजार उरकून, पाटी व्हरांड्यात ठेवून थेट रांगेत आलेल्या. तर्जनी पाण्यानं सुरकुतलेली, नखाच्या कडेला माशाचा एक खवला चिकटलेला. ओल्या बोटावर शाई धरत नाही. अधिकाऱ्यांनी फडक्यानं बोट पुसलं, तरी शाई पसरली. बाई म्हणाल्या, “थांबा सायेब,” आणि बोट आपल्या लुगड्याला खसाखसा पुसून पुन्हा पुढे केलं. “आता लावा, नीट लावा.” त्यांच्या घरी कोण काय ठरवत असेल ते असो, शाई नीट लागली पाहिजे हे त्यांनी ठरवलं होतं.

आणि आकडे बघा. 1962च्या लोकसभा निवडणुकीत शंभरातल्या 63 पुरुषांनी मत दिलं होतं, बायकांचं प्रमाण 47 सुद्धा नव्हतं. 2019 साली पुरुष 67.01 टक्के आणि बायका 67.18 टक्के. लोकसभेच्या इतिहासात पहिल्यांदा बायका पुढे गेल्या, आणि 2024 सालीही किंचित पुढेच राहिल्या. कोणीतरी सांगतं म्हणून उन्हात दोन तास उभं राहणाऱ्या बायका असतीलही. इतक्या सगळ्या तशा असतील, हे माझ्या मनाला पटत नाही. पुढच्या निवडणुकीआधी जेवायला बसल्यावर पाचही जणांनी बोला. त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

प्रश्न : फेब्रुवारीत लग्न होऊन साताऱ्याहून ऐरोलीला आले. लग्नात तांदळात माझं नवीन नाव लिहिलं. मतदार यादीत मात्र माहेरचंच नाव, साताऱ्याच्या पत्त्यावर. सासूबाई म्हणतात, आता सगळीकडे नवीन नाव करून घे. मला माझं नाव आवडतं. नाव बदललं नाही तर इथे मत देता येणार नाही का?
– नवविवाहिता, ऐरोली

उत्तर : येईल, बाळा. नाव बदलायला हवं असं कोणताच कायदा म्हणत नाही. बदलायचा आहे तो पत्ता.

तुझा प्रश्न वाचून मला दोन गोष्टी आठवल्या. एक सगळ्या देशाची. पहिल्या निवडणुकीसाठी घरोघर फिरून याद्या केल्या, तेव्हा उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो बायकांनी परक्या पुरुषाला आपलं नाव सांगितलंच नाही. यादीत नोंदी झाल्या ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’. सुकुमार सेन यांनी सांगितलं, हे चालणार नाही, मतदार म्हणजे नाव असलेली व्यक्ती. पुन्हा माणसं पाठवली, बिहारला तर जास्तीचा एक महिना दिला. तरी जवळपास 28 लाख बायकांची नावं मिळाली नाहीत आणि त्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. त्या वेळी सेन यांच्यावर टीका झाली. मला वाटतं त्यांनी केलं ते योग्यच केलं. पुढच्या निवडणुकीला त्याच बायकांची नावं नावानिशी यायला लागली.

दुसरी गोष्ट आमच्या घरातली. माझी आजी, आईची आई, तेव्हा चरईतल्या एका वाड्यात राहायची. यादी करणारे गुरुजी दुपारी आले, पुरुष सगळे कामावर. आजी दाराआड उभी. गुरुजींनी आधी विचारलं, यजमानांचं नाव? नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. आजीनं माझ्या आईला पुढे ढकललं, आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची, तिनं बाबांचं नाव सांगितलं. मग गुरुजी म्हणाले, आता तुमचं. आई सांगायची की आजी बराच वेळ बोललीच नाही. वाड्यात तिला सगळे वहिनी म्हणायचे. सासरचं नाव इंदिरा, आईनं तेच सांगायला तोंड उघडलं, तर आजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः म्हणाली, “गोदावरी.” ते तिचं माहेरचं नाव. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, त्या नावानं तिला हाक मारणारं ठाण्यात कोणी नव्हतं.

मतदानाच्या आधी चिठ्ठ्या आल्या. आजोबांनी वाचल्या आणि म्हणाले, नाव चुकलंय, सुधारून आणतो. आजी म्हणाली, “चुकलेलं नाही. मी सांगितलंय.” आजोबा पुढे काही बोलले नाहीत. त्या वेळेपासून शेवटपर्यंत प्रत्येक निवडणुकीला ती गोदावरी म्हणूनच मत देऊन आली.

आता तुझं काम. तुला नमुना 8 भरायचा आहे. तो पत्ता बदलायलाही चालतो आणि दुरुस्तीलाही. नवीन नोंदणीचा नमुना 6 भरू नकोस, नाहीतर दोन ठिकाणी नाव होईल आणि ते कायद्यात बसत नाही. अर्ज ऑनलाइन कर किंवा ऐरोलीच्या आपल्या भागातल्या बीएलओंकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे दे. सोबत इथल्या पत्त्याचा पुरावा लागतो. साताऱ्याचं नाव तिथून निघेल, ओळखपत्राचा क्रमांक तोच राहील. नावाच्या रकान्याला हात लावायची गरज नाही. नात्याच्या रकान्यात नवऱ्याचंच नाव पाहिजे असंही नाही, वडिलांचं चालतं, आईचंही चालतं. सासूबाईंना सांग की सरकारनं आता मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायला लावलंय, म्हणजे पुढे नातवंडांच्या दाखल्यावर तुझं नाव येणारच आहे. कोणतं यावं, हे तू आणि त्या बसून बोला. माझ्या अनुभवात सासवांना स्वतःचं माहेरचं नाव विचारलं की बोलणं सोपं होतं.

अर्ज लवकर कर, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नकोस. नवी मुंबई महापालिकेसाठी वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात. त्यामुळे या एका अर्जात लोकसभा, विधानसभा आणि महापालिका, तिन्हींची सोय होते. यादी प्रसिद्ध झाली की आपल्या भागाचं पान उघड आणि स्पेलिंगसकट, मराठी-इंग्रजी दोन्हीकडे, आपलं नाव स्वतः वाचून बघ.